स्टेरॉईड: कुणी टाळायचं, कुणी जपून घ्यायचं? दुकानात लावायच्या तक्त्यासाठी मदत हवी

पेठेतला_केमिस्ट
नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की पुण्यातल्या औषधाच्या दुकानांत एक मागणी हमखास येते. घडी पडून मऊ झालेली जुनी चिठ्ठी पुढे येते आणि "तीच वायसोलोन द्या, मागच्या वेळी खोकला दोन दिवसांत गेला होता" असं सांगितलं जातं. वायसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टेरॉईडची गोळी. सोबत बेटनोव्हेट या स्टेरॉईड मलमाची ट्यूब, नाहीतर लाल डोळ्याचे थेंब. गोळी नाकारता येते, पण का नाकारली ते अर्ध्या मिनिटात पटवता आलं पाहिजे, नाहीतर माणूस पुढच्या दुकानातून घेतो.
त्यासाठी केमिस्टांकरता एका पानाचा तक्ता करतो आहे. कच्चा मसुदा असा: "मधुमेह, रक्तदाब, टीबी, काचबिंदू, अल्सर, गरोदरपण, लहान मुलं, कुठलाही जंतुसंसर्ग: स्टेरॉईड देऊ नये."
इथे डॉक्टर, सिस्टर, फार्मसीवाले बरेच आहेत. खोडा, भर घाला.

अंतःस्राव
चिठ्ठीशिवाय देऊ नये, हे सगळ्यांनाच लागू आहे. पण ही यादी अशीच भिंतीवर लागली तर घात होईल. वायसोलोन चालू असलेली मधुमेही बाई ती वाचून उद्यापासून गोळी बंद करेल. स्टेरॉईड अजिबात नको अशी कारणं मोजकीच आहेत: त्या औषधाची खरी ॲलर्जी, उपचार न झालेला अंगभर पसरलेला बुरशीचा संसर्ग, मोठ्या मात्रेवर असताना जिवंत लस. बाकी सगळं "जपून" या खात्यात जातं.
म्हणून पहिली ओळ ही घ्या: तीन आठवड्यांहून जास्त घेतलेली गोळी एकदम थांबवू नये.
कारण असं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून प्रेडनिसोलोन मिळत राहिलं की मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूम थांबतो आणि ग्रंथी आक्रसतात. मग गोळी अचानक बंद झाली, वर ताप, जुलाब किंवा ऑपरेशन आलं, की शरीराकडे शिल्लक काहीच नसतं. गळाठा, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब खाली, साखर खाली, सोडियम खाली. वेळेत हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलचंच औषधी रूप) १०० मिग्रॅ टोचलं नाही तर माणूस जातो.
दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पाच-सात दिवसांचा कोर्स बहुतेकांना थेट थांबवता येतो. वर्षात असे तीन-चार कोर्स झाले असतील तर मात्र त्याला दीर्घकाळ घेणाऱ्यांतच धरा.

पर्वती_पायथा
डेफ्लाझाकॉर्ट "सौम्य" असतं म्हणून ते चालतं, असं बरेच जण सांगतात. खरं का?

अंतःस्राव
प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ म्हणजे डेफ्लाझाकॉर्ट ६, मिथाइलप्रेडनिसोलोन ४, हायड्रोकॉर्टिसोन २०, डेक्सामेथासोन ०.७५. हे आकडे तक्त्यात हवेतच. डेक्साची पांढरी गोळी इवलीशी दिसते म्हणून हलकी समजतात. ०.५ मिग्रॅच्या दोन गोळ्या म्हणजे प्रेडनिसोलोन जवळजवळ ७ मिग्रॅ, आणि डेक्साचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो, त्यामुळे ग्रंथी जास्त दबतात. डेफ्लाझाकॉर्टने साखर थोडी कमी चढते असं दिसतं, पण ग्रंथी दबणं, मोतीबिंदू, हाडं या बाबतीत सवलत धरू नका.

साखरमोजणी
मधुमेहाबद्दल एक ठळक गोष्ट, कारण इथेच फसगत होते. सकाळी ८ ला प्रेडनिसोलोन घेतलं की साखर दुपारच्या जेवणानंतर चढू लागते आणि संध्याकाळी शिखरावर असते. रात्रीतून उतरते. उपाशीपोटीची साखर ११० येते, माणूस निर्धास्त होतो, आणि संध्याकाळी ५ ला तीच ३५० असते. म्हणून मोजायची ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी. वाढवायचं औषधही त्या वेळेचं. उपाशीपोटीची साखर चांगली असताना रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन वाढवलं तर पहाटे साखर कोसळते. सकाळच्या गोळीसोबत सकाळीच एनपीएच (मध्यम पल्ल्याचं) इन्सुलिन देतात, कारण दोघांचा चढ-उतार साधारण जुळतो.
आणि गोळीची मात्रा उतरत जाते तसं इन्सुलिनही उतरवावं लागतं. हे विसरलं जातं.
पुढे श्रावण आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळं: गोळी चालू असताना संध्याकाळची साखर बघायलाच नको. उपास करायचाच असेल तर राजगिरा, दाणे, दही, ताक. आणि गोळी उपाशीपोटी गिळायची नाही.

छातीचा_डॉक्टर
टीबीची ओळ बदला. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत डेक्सामेथासोन मुद्दाम देतात, त्याने मृत्यू कमी होतात. अडचण आहे ती न ओळखलेल्या टीबीची. रोज १५ मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर घेणाऱ्यात झोपलेला टीबी उठण्याचा धोका वाढतो. म्हणून दुकानात विचारायचं एवढंच: दोन आठवड्यांहून जुना खोकला आहे का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का? एकालाही हो आलं तर गोळी नाही, आधी छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी. स्टेरॉईडने ताप उतरतो, भूक लागते, बरं वाटतं आणि निदान महिना-दोन महिने लांबतं.
उलट बाजूही लिहा. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत प्रेडनिसोलोन भराभर संपवतं, त्यामुळे संधिवाताचा किंवा दम्याचा माणूस त्याच मात्रेवर बिघडू शकतो. मात्रा डॉक्टरांना वाढवावी लागते. रिफाम्पिसिन संपली की ती पुन्हा खाली आणायची.

कातडीबचाव
मलमांचा भाग मी घेतो, कारण पुण्यात गोळ्यांपेक्षा जास्त नुकसान ट्यूबमधून होतं.
गजकर्ण म्हणजे नायटा. पावसाळ्यात ओली अंतर्वस्त्रं, घाम, घट्ट जीन्स. जांघेत आणि कमरेला गोल चट्टे. दुकानातून मिळते ती तीन-चार औषधं एकत्र घातलेली ट्यूब: क्लोबेटासोल (फार जोरकस स्टेरॉईड), एक बुरशीचं औषध, एक प्रतिजैविक. क्लोबेटासोलने खाज एका दिवसात थांबते, बुरशी मात्र खालून पसरत राहते. कडा पुसट होतात, गोल आकार जातो, पुढच्या डॉक्टरला ओळखता येत नाही. ट्यूब बंद केली की दुप्पट भडकते, म्हणून माणूस पुन्हा तीच आणतो. काही महिन्यांत जांघेत लाल-जांभळे भेगांसारखे पट्टे पडतात, ते जन्मभर राहतात.
चेहरा हे दुसरं. वांग आणि गोरं होण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन (हे स्टेरॉईड) यांचं मिश्रण महिनोन्महिने लावलं जातं. चेहरा लाल, उन्हात जळजळ, बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या, हनुवटीवर केस. २०१८ साली केंद्राने स्टेरॉईडची १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. काउंटरवर हे कारण ठामपणे सांगा.
तक्त्यासाठी: क्लोबेटासोल चेहरा, जांघ, काख, लहान मुलाची लंगोटीची जागा इथे नाही. मोठ्या माणसातही सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅम ही कमाल. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

फॅमिली_डॉक्टर_हडपसर
@कातडीबचाव, सहमत, पण एक्झिमाच्या लेकराची आई हे वाचून हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य मलमसुद्धा लावायची थांबते. मूल रात्रभर खाजवतं, कातडी फुटते, पू होतो. योग्य ताकदीचं मलम, योग्य दिवस, हे सुरक्षित आहे, हेही लिहायला हवं.

कातडीबचाव
हो, लिहाच. घाबरून अर्धवट लावलेलं मलमही फुकट जातं.

दृष्टी_आधी
डोळा स्वतंत्र चौकटीत घ्या, कारण इथे चूक दोन दिवसांत कायमची होते.
लाल डोळ्याला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनचे थेंब चिठ्ठीशिवाय कधीच नाहीत. नागिणीच्या कुळातल्या हर्पिसची बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम असते, ती रंग टाकून स्लिट लॅम्पखालीच (डोळ्याच्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शीखाली) दिसते. त्यावर स्टेरॉईड पडलं की जखम नकाशासारखी पसरते. दुसरं, पुण्याच्या आसपास ऊस आहे. ऊसतोडीत पात डोळ्याला लागली, भाताचं कूस गेलं, की बुबुळात बुरशी शिरते. त्यावर स्टेरॉईडचा थेंब म्हणजे फूल पडणं, कधी डोळाच जाणं. "डोळ्याला शेतात काही लागलं का?" हा प्रश्न तक्त्यात पाहिजे.
उन्हाळ्यात डोळे चोळणारी शाळकरी मुलं हा तिसरा गट. ॲलर्जीची खाज थेंबाने थांबते म्हणून बाटली वर्षभर घरात असते. स्टेरॉईडच्या थेंबांनी साधारण तिघांत एकाचा डोळ्याचा दाब थोडाफार चढतो, काहींचा खूप. दुखत नाही, लाल होत नाही, कडेची नजर गुपचूप जाते. दहावीच्या मुलाला काचबिंदू अशानेच होतो. थेंब दोन आठवड्यांपुढे चालवायचे असतील तर दाब मोजायलाच हवा. बाटली "डोळे आलेत" म्हणून शेजारी देऊ नये.

नारायण_पेठकर
पाटी पुण्यात लावायची आहे, तर माझ्याकडून एक मजकूर: "जुनी चिठ्ठी दाखवू नये. दुखणं नवीन आहे."

पेठेतला_केमिस्ट
@नारायण_पेठकर, घेतली! वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात.

सांधे_आणि_हाडं
गुडघ्यातल्या इंजेक्शनबद्दल. सांधा लाल, गरम, एकदम सुजलेला आणि ताप असेल तर आत पू नाही याची खात्री होईपर्यंत सुईने स्टेरॉईड नाही. एकाच सांध्यात दोन इंजेक्शनांत किमान तीन महिने. गुडघा बदलण्याची तारीख ठरली असेल तर आधीच्या तीन महिन्यांत नाही, कृत्रिम सांध्यात संसर्गाचा धोका वाढतो. टाचेच्या मागच्या जाड शिरेत तर नाहीच, ती तुटते. मधुमेह असेल तर नंतरचे चार-पाच दिवस साखर मोजा.
हाडांचं: रोज २.५ मिग्रॅ किंवा जास्त, तीन महिने किंवा जास्त, एवढ्यावरच हाडांची काळजी सुरू करायची. झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, त्यामुळे "नंतर बघू" उपयोगाचं नाही. अन्नातून आणि गोळीतून मिळून कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन (डेक्सा गोळीशी याचा संबंध नाही); धोका जास्त असेल तर हाडांची झीज रोखणारी अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. ही गोळी सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
मोठ्या मात्रेनंतर काही महिन्यांनी जांघेत दुखू लागलं, मांडी घालून बसता येईना, तर खुब्याच्या सांध्याचा एमआरआय करा. साधा एक्स-रे सुरुवातीला कोरा येतो.

बालरोग_बिबवेवाडी
मसुद्यातलं "लहान मुलं: देऊ नये" काढा, दम्याच्या पंपांवर कुऱ्हाड पडेल, कारण त्यांतही स्टेरॉईड असतं. ब्युडेसोनाइडचा पंप बराच काळ घेणाऱ्या मुलांची उंची शेवटी साधारण १ सेंटिमीटरने कमी भरू शकते. पंप बंद करून दम्याचे झटके येऊ देणं त्याहून फार महाग आहे. पंपाला स्पेसर (औषध ओढायची नळकांडी) लावा, नंतर चूळ भरून थुंका.
नको ते हे: नाव न ठरलेला ताप, हाडं-सांधे दुखणं, अंगावर निळे डाग, मूल फिकट पडलंय. अशा वेळी आठवडाभर बेटनेसॉल (बेटामेथासोन) दिलं तर रक्ताचा कर्करोग झाकला जातो, मग अस्थिमज्जेच्या तपासणीत गोंधळ होतो. लिम्फोमाच्या गाठीचंही तसंच, आधी तुकडा तपासायचा.
लसी: रोज २० मिग्रॅ किंवा किलोला २ मिग्रॅ, १४ दिवस किंवा जास्त दिली असेल तर गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या या जिवंत लसी थांबल्यापासून किमान महिनाभर नाहीत. पंप आणि नाकाच्या स्प्रेने लस अडत नाही. गोळ्या चालू असताना घरात कुणाला कांजिण्या आल्या तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फॅमिली_डॉक्टर_हडपसर
डेंगी राहिला. ऑगस्टपासून प्लेटलेट ४०,००० आल्या की नातेवाईक "स्टेरॉईड द्या, वाढतील" म्हणतात. वाढत नाहीत. डेंगीत जीव जातो तो रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपल्याने, आणि तिथे काम करतं ते मोजून दिलेलं सलाईन.
कोविडनेही हेच शिकवलं. २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १० दिवसांपर्यंत, व्हेंटिलेटरवरच्या आणि ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत मृत्यू कमी करून गेलं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तरी २०२१ मध्ये घरोघरी पहिल्या दिवसापासून मेड्रोल (मिथाइलप्रेडनिसोलोन) खाल्लं गेलं, आणि वाढलेल्या साखरेवर काळी बुरशी आली.
डोक्याला मार: इथेही नको. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश चाचणीत १०,००० हून जास्त रुग्ण होते आणि स्टेरॉईड दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले.

प्रसूती_कक्ष
गरोदरपणाची ओळही सुधारा. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वार (प्लॅसेंटा) निष्प्रभ करते, त्यामुळे दमा किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) असलेल्या आईला ते गरजेपुरतं देतात. डेक्सा आणि बेटामेथासोन वार ओलांडतात, म्हणूनच दिवस भरण्याआधी बाळंतपणाची भीती असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी तेच वापरतात: बेटामेथासोन १२ मिग्रॅ, २४ तासांच्या अंतराने दोनदा. मधुमेही आईची साखर त्या दिवसांत नीट बघावी लागते. तुमच्या काउंटरसाठी मात्र एकच वाक्य: गरोदर असेल तर चिठ्ठीशिवाय काही नाही, आणि चालू असेल तर स्वतःहून बंद नाही.

भेषज_विश्रामबाग
केमिस्ट म्हणून आपलं खास काम म्हणजे सोबतची औषधं बघणं. ते आपणच पकडू शकतो, कारण दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येतात.
डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन सोबत असेल तर जठरातून रक्तस्राव. काळी शी विचारा. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं, आणि वय साठीपुढे: टाचेची शीर तुटू शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन: आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर करायला सांगा. फ्रुसेमाइड (लघवी वाढवणारं), डिगॉक्सिन (हृदयाचं): पोटॅशियम घटतंय का ते बघायला सांगा.
आणि सगळ्यात दुर्लक्षित जोडी: नायट्यासाठी इट्राकोनाझोल आणि दम्यासाठी ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप. इट्राकोनाझोल यकृतातला तो मार्ग अडवतं, पंपातलं स्टेरॉईड रक्तात साठतं, चेहरा गोल होतो, ग्रंथी दबतात. मेड्रोललाही लागू. प्रेडनिसोलोनवर परिणाम बराच कमी. वर @कातडीबचाव यांनी सांगितलेल्या नायट्याच्या लाटेत हे रोज समोर येऊ शकतं.

मुळशीकर
आणि पुड्या? सांधेदुखीच्या, दम्याच्या, वजन वाढवायच्या, नाव नसलेल्या.

अंतःस्राव
बरं झालं काढलंत. वीस वर्षांची गुडघेदुखी दोन दिवसांत पूर्ण थांबली, भूक सुटली, गाल फुगले, पोट वाढून हातपाय बारीक राहिले, दंडावर हलक्या धक्क्याने निळे डाग पडले, तर पुडीत डेक्सा किंवा बेटामेथासोन असण्याची दाट शक्यता. वजनवाढीच्या गोळ्यांत सोबत भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन असतं. अशा माणसाला "फेकून द्या ती पुडी" म्हणून घरी पाठवू नका. मात्रा माहीत नाही, किती महिने तेही नक्की नाही. पुडी घेऊन डॉक्टरांकडे पाठवा: सकाळी ८ चं कॉर्टिसॉल तपासून, मोजलेल्या गोळीवर आणून, मग उतरवायचं.

आळंदी_ते_पंढरी
पालखीच्या सोबत औषधोपचाराचं पथक असतं, तिथे वारकऱ्यांना काय सांगावं? गोळ्या चालू असलेले बरेच जण चालतात.

अंतःस्राव
पूर्ण वारीच्या गोळ्या आणि आठवडाभराच्या जास्तीच्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. गळ्यातल्या ओळखपत्रामागे औषधाचं नाव, मात्रा, "एकदम थांबवू नये". ताप आला तर: रोज ५ मिग्रॅवर असलेल्याला सहसा ताप उतरेपर्यंत ५-५ सकाळ-संध्याकाळ, आधीच १० किंवा जास्त घेत असेल तर बहुधा तीच मात्रा दोन भागांत पुरते. हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरकडून लिहून घ्या. उलट्या-जुलाबात गोळी टिकत नसेल तर थांबायचं नाही, पथकाकडे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन.
अनवाणी चालणाऱ्यांसाठी आणखी एक. मातीतला स्ट्राँगिलॉइडिस जंत तळव्यातून शिरतो आणि वर्षानुवर्षं आतड्यात गप्प राहतो. मोठ्या मात्रेच्या स्टेरॉईडमध्ये तो शरीरभर पसरू शकतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्याला मोठा कोर्स सुरू करण्याआधी डॉक्टर तपासणी करून किंवा थेट आयव्हरमेक्टिन देऊन हा प्रश्न मिटवतात. त्याच वेळी ब काविळीची तपासणीही हवी.

पेठेतला_केमिस्ट
"देऊ नये" ही यादीच गेली. तक्ता आता प्रश्नांचा झाला आहे. वर नारायणरावांची पाटी. खाली: ही गोळी आधीपासून चालू आहे का, किती दिवस, किती मिग्रॅ? जुना खोकला, ताप, वजन उतरणं? साखर, काचबिंदू, काळी शी? गरोदर? दुसऱ्या कुठल्या गोळ्या किंवा पंप? डोळ्याला काही लागलं? जांघेत, चेहऱ्यावर लावायचं आहे का? शेवटी बरोबरीच्या मात्रांचे आकडे.

सिस्टर_नानापेठ
झोप आणि मन घाला. ४० मिग्रॅच्या वर गेल्यावर काही जण रात्र रात्र जागतात, अखंड बोलतात, पैसे उधळतात किंवा एकदम खचतात. घरचे म्हणतात स्वभाव बदलला. आधी कधी मानसिक आजार झाला आहे का, हे विचारायलाच हवं. आणि पूर्ण मात्रा सकाळी नाश्त्यानंतर एकदमच घ्या. संध्याकाळी विभागली की झोप जाते. तापातली विभागलेली मात्रा वेगळी, ती वर सांगितली आहे.

पेठेतला_केमिस्ट
घातलं. एक शंका: चालू गोळी असलेला माणूस चिठ्ठी विसरून आला, डॉक्टर रविवारी बंद, घरची पट्टी संपली. तेव्हा?

अंतःस्राव
रिकाम्या हाताने पाठवू नका, पण चिठ्ठीशिवाय विकूही नका. त्याच्या डॉक्टरांना फोन लावून चिठ्ठी मोबाईलवर मागवा. नाही लागला तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवा, हातात कागद द्या: "प्रेडनिसोलोन अमुक मिग्रॅ, इतके महिने, शेवटची गोळी अमुक वाजता." तिथे दहा मिनिटांत काम होतं. एका दिवसाची मात्रा चुकली तर काही होत नाही असं म्हणून सोमवारवर ढकलू नका, विशेषतः अंगात ताप असेल तर.

भेषज_विश्रामबाग
त्या कागदाचा छापील नमुना तक्त्याच्या मागच्या बाजूला घ्या, रकाने मोकळे ठेवून. पॅड करून काउंटरवर ठेवलं की फाडून देता येईल.